गुरुवारचे पोहे

मला राग येतो, ही बेलापुरात काही बातमी नाही. सत्तावीस वर्षं मी इथल्या शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते, आणि व्हरांड्यात माझी चप्पल वाजली की वर्ग आपोआप गप्प होतो. पण तो राग माझ्या हातातला होता. खडूसारखा उचलायचा, काम झालं की ठेवून द्यायचा. गेल्या दोन वर्षांत तो हातातून सुटला. पाळी बंद झाली, झोप उडाली, आणि कशाहीवरून तळपायाची आग मस्तकात जायला लागली. त्यानंतर तासभर रडू. रडून झालं की मी भाजी निवडायला बसायचे, जसं काही घडलंच नाही.

घरात आम्ही दोघंच. आमचे हे, म्हणजे मार्तंडराव, शुगर फॅक्टरीच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या घ्यायचे, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घराणं भिक्षुकीचं, त्यामुळे कुणी बोलावलं तर सत्यनारायणही सांगतात. स्वभाव असा की घराला आग लागली तरी आधी चष्मा शोधतील. आमची एकुलती एक मुलगी रुचा संगमनेरला दिली आहे, जावयाचं नाव समर्थ. यंदा तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे जूनच्या शेवटी सातव्या महिन्यात आमच्याकडे डोहाळजेवण करायचं आणि मग तिला इथेच ठेवून घ्यायचं, असं ठरलं होतं. तीन महिन्यांचे कपडे भरलेली मोठी निळी बॅग घेऊनच ती येणार होती.

त्या दिवशी काय झालं ते आता सांगते, कारण लपवून उपयोग नाही. निम्मं बेलापूर तिथे हजर होतं. मी शिर्डीच्या फुलवाल्याकडून मोगऱ्याच्या कळ्यांची वाडी करवून आणली होती. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, सगळं ओल्या फडक्यात गुंडाळून. हिरवी साडी इस्त्री करून ठेवली होती. रुचा तासभर उशिरा आली. पाय सुजलेले, अंगात सुती ड्रेस. म्हणाली, आई, साडी नको गं, जीव घाबरतोय, ड्रेसवरच घाल वाडी. एवढंच. मी फुलांचं ताट उचललं आणि बायकांच्या समोर जमिनीवर आपटलं. वर म्हणाले, साडी सांभाळता येत नाही, मूल काय सांभाळणार आहेस तू?

कुणी हललं नाही. पाळण्याचं गाणं म्हणायला आलेल्या बायका भिंतीकडे बघत बसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं आणि रडत बसले. रुचा दारापाशी आली. तिचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं.

"आई, तू आजारी आहेस."

मी आतून ओरडले, "मी आजारी नाही. तू लाडावलेली आहेस."

मी बाहेर आले तेव्हा समर्थ ती निळी बॅग परत गाडीच्या डिकीत ठेवत होता. रुचा म्हणाली, मी बाळंतपणाला इथे येणार नाही, बाळ रडलं आणि तुझं असं झालं तर मी काय करू. हे फाटकापर्यंत गेले, काहीतरी पुटपुटले, आणि गाडी निघून गेली. गाव काय म्हणेल याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून वाईट हे की तिचं म्हणणं मला पटलं होतं. पहाटे तीनला रडणारं बाळ आणि मी, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला माझीच भीती वाटली. मला ते बाळ मांडीवर हवं होतं. दुसरं काही नको होतं.

जमिनीवरची फुलं मनकर्णाने गोळा केली. मनकर्णा आमच्या शेजारची. मूळची पाथर्डीकडची. पूर्वी नवऱ्याबरोबर ऊस तोडायला इकडे यायची, मग इथेच राहिली आणि आता आमच्या शाळेत खिचडी शिजवते. दोन दिवसांनी शाळेच्या नळापाशी तिने मला गाठलं.

"बाई, माझ्या जावेचं आसंच हुतं. बसल्या बसल्या रडायची, लेकरांवर हात टाकायची. उपकेंद्रात नेलं, तितं सिस्टरनी मोबाईलवर डॉक्टर लावून दिला. आता बरी हाय. तुमी बी दावा."

मी म्हटलं, मनकर्णा, मी वेडी नाही. ती भांडं विसळत म्हणाली, माझी जाऊ तरी कुटं येडी हाय. मी हात धुतले आणि वर्गावर गेले.

दवाखान्यात जायला माझी ना नव्हती, असं मी स्वतःला सांगत आले होते. अडचण वेगळी होती. श्रीरामपुरात मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं तर केसपेपर काढणारा माझा विद्यार्थी, रक्तदाब बघणारी माझी विद्यार्थिनी, आणि बाहेर बाकावर बसलेल्या चारांपैकी दोघं पालक सभेला आलेले. दुसऱ्या दिवशी दहावी अ मध्ये समीकरणं शिकवायला कोणत्या तोंडाने उभी राहणार? मोबाईलवरच्या डॉक्टरला बेलापूर माहीत नसतं. ह्यांना सांगितलं तर त्यांनी चष्मा लावला, दोन दिवस मोबाईलमध्ये डोकं घातलं, आणि पुण्याच्या एका डॉक्टरबाईंची रविवारी सकाळी अकराची वेळ घेतली. मनोविकारतज्ज्ञ, डॉक्टर धनश्री. त्या दोन दिवसांत ह्यांनी मला एका शब्दाने काही विचारलं नाही, परस्पर वेळ घेऊन टाकली, याचा मला आधी राग आला आणि मग बरं वाटलं.

कुठे बसायचं हा प्रश्न होता. बैठकीची खोली रस्त्याला लागून, आमची बेडरूम शेजारच्यांच्या स्वयंपाकघराला लागून. शेवटी कोठीच्या खोलीत धान्याच्या पिंपावर पाट टाकून बसले. गव्हाचा वास, समोर मोबाईल, मागे लोणच्याच्या बरण्या. हे शेजारी स्टुलावर. डॉक्टर रुचाच्याच वयाची निघाली. तिने विचारायला सुरुवात केली आणि हे उत्तरं द्यायला लागले. हिला जरा राग येतो, झोप जरा कमी आहे, बाकी काही नाही. तीन-चार उत्तरं झाल्यावर ती म्हणाली, काका, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसाल का, मला काकूंशी बोलायचंय. हे गेले. मला बेलापुरात सगळे बाई म्हणतात. काकू म्हणणारी ही पहिलीच, आणि तिच्यापुढे मी घडाघडा बोलले.

तिने फार विचारलं. झोप, भूक, पाळी कधी थांबली, घाम येतो का, छातीत धडधडतं का, घरात पूर्वी कुणाला असं झालं होतं का. जगणं नको वाटतं का, हेही सरळ विचारलं. मी म्हटलं, जगणं नको असं नाही, पण कधी कधी मी नको असं वाटतं. तिने परत खोदून विचारलं, आणि असं वाटणं वाढलं तर त्याच क्षणी काकांना सांगायचं नि मला फोन करायचा, असं कबूल करून घेतलं. मग समजावून सांगितलं. पाळी जाते त्या काळात शरीरातली संप्रेरकं खालीवर होतात, काही बायकांना त्याचा फार त्रास होतो, त्यातून नैराश्य येतं, आणि ते रडण्याइतकंच रागातूनही बाहेर पडतं. याला औषध आहे. आधी रक्त तपासून घ्या. रक्त न्यायला लॅबचा माणूस घरी आला, तोही माझाच विद्यार्थी. त्याला सांगितलं थायरॉइड बघायचाय, आणि ते खोटंही नव्हतं. रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरने गोळी लिहून दिली: रोज एक, सकाळी नाश्त्यानंतर. चुकवायची नाही, परस्पर बंद करायची नाही.

बेलापुरातलं मेडिकल बिभीषणचं. दहावीला गणितात त्याला मी सत्तेचाळीस दिले होते, ते तो अजून विसरलेला नाही. त्यामुळे गोळ्या आणायला हे राहात्याला जायचे. एसटीने जायचे, बाजारातून पेरू आणायचे, आणि गोळ्या पेरूच्या पिशवीत खाली.

डॉक्टरने आणखी एक काम दिलं होतं. रोजचा दिवस कसा गेला ते कुठेतरी लिहून ठेवायचं. मी देवघराशेजारच्या भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं आणि लाल पेनने प्रत्येक चौकटीत दहापैकी गुण द्यायला लागले. स्वतःला गुण देताना मी हात सैल सोडला नाही. पहिले दोन आठवडे दोन, तीन, तीन, दोन. मग एखादा चार, एखादा पाच. जुलैच्या शेवटी एकदा सहा पडले. त्या दिवशी ह्यांनी दुधाचं पातेलं उतू घालवलं आणि मी नुसतं फडकं दिलं. हे फडकं हातात घेऊन माझ्याकडे बघत उभे राहिले.

रुचाशी फोन सुरू झाले. मी उपचार घेतेय हे ह्यांनीच तिला सांगितलं होतं. ती सावधपणे बोलायची, पण बोलायची. एकदा म्हणाली, आई, असंच महिनाभर राहिलं तर गणपतीनंतर येईन मी. बाळंतपण तुझ्याकडेच करू. मी हो म्हणाले आणि फोन ठेवून देवासमोर जाऊन उभी राहिले. तिला सुखरूप येऊ दे, नीट सुटका होऊ दे, म्हणून श्रावणातले शनिवारही धरायचे ठरवले.

माझ्या उपासांचं इथे सांगायला हवं. रुचा अकरा महिन्यांची असताना तिला न्यूमोनिया झाला. नगरच्या दवाखान्यात नऊ दिवस काचेच्या पलीकडे होती. तिथे जिन्यात साईबाबांची तसबीर होती. त्या तसबिरीसमोर मी बोलले, की ही वाचली तर जिवंत असेपर्यंत गुरुवारी दिवेलागणीपर्यंत तोंडात काही घालणार नाही. ती वाचली. त्याला सत्तावीस वर्षं झाली. वर्षाचे बावन्न धरले तर चौदाशे चार गुरुवार, त्यातला एकही चुकला नाही. चहा नाही, साबुदाणा नाही, पाण्याचा घोट नाही. तापाने फणफणले तरी गोळी घेतली नाही. साबुदाण्याची खिचडी ओरपून उपास केला म्हणणाऱ्या बायकांची मला कीव येते. माझे श्रावणी सोमवार, एकादशी, चतुर्थी सगळे असेच. उपास म्हणजे उपास, काठावर पास मला चालत नाही.

तर श्रावण लागला आणि माझं परत बिघडलं. कॅलेंडरवर तीन, दोन, एक असे आकडे यायला लागले. डोकं गरगरायचं, मानेत मध्येच झिणझिणी चमकायची. पोळी करपली म्हणून मी तवा मोरीत फेकला. डॉक्टरने दुसऱ्या भेटीत विचारलं, गोळी चुकते का. मी म्हटलं, एक दिवस चुकत नाही. तिने डोस वाढवला. हे राहात्याला जायला निघाले आणि पिशवी ठेवून परत फिरले. म्हणाले, जुन्यातल्या बऱ्याच गोळ्या आहेत की अजून. मी म्हटलं, बरं झालं, थोडे दिवस दोन-दोन घेईन त्यातल्या, एक खेप वाचली. ह्यांनी आयुष्यभर हजेऱ्या मोजल्या, मी आयुष्यभर गणित शिकवलं, आणि आमच्या दोघांच्याही डोक्यात काही आलं नाही.

श्रावणातला तिसरा गुरुवार. संध्याकाळी रुचाचा फोन आला. आनंदात होती. सासूबाईंनी बाळासाठी पाळणा आणलाय म्हणाली. पाळणा आजोळचा असतो, हे माझ्या डोक्यात आलं आणि पुढचं मला नीट आठवत नाही. दहा मिनिटं मी बोलत होते. तिच्या सासूला बोलले, तिला बोलले, जुनं-पुराणं सगळं काढलं. फोन मीच आपटला. अर्ध्या तासाने तिचा मेसेज आला. "आई, तू औषध घेत नाहीस. बाबांना आणि मला फसवतेयस. मी येणार नाही, आणि कृपा करून परत विचारू नकोस."

हे मला लागलं ते खोटेपणाच्या आरोपामुळे. मी तापट आहे, हेकट आहे, पण खोटं बोलत नाही. गोळ्यांचं पाकीट घेऊन मी ह्यांच्यासमोर आपटलं, म्हटलं, सांगा तिला, घेते की नाही मी रोज! हे पाकिटाकडे बघत राहिले. म्हणाले, घेतेस गं. रोज घेतेस. उद्या डॉक्टरांशी बोलू. त्या रात्री मी उपास सोडला तो वरण-भाताच्या दोन घासांवर.

डॉक्टरला लगेच वेळ नव्हती, शनिवारची मिळाली. तिने आधी गुणांची पानं मागवली, म्हणून ह्यांनी कॅलेंडरचे फोटो काढून पाठवले. मी परत पिंपावरच्या पाटावर बसले. तिने फोटो बघितले, मागेपुढे सरकवून परत बघितले.

"काकू, तुमचे नापास दिवस बघितलेत? सोमवार, गुरुवार, शनिवार, आणि त्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. घरात काय असतं या दिवशी?"

"काही नसतं. उपास असतो."

"आणि त्या दिवशी गोळी?"

मी म्हटलं, "उपासाला गोळी कशी घेणार?"

ती हसली नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. तिने शांतपणे आठवण करून दिली, की गोळी चुकते का हे तिने मला दोनदा विचारलं होतं. मी सांगितलं, चुकत नाही. उपासाच्या दिवशी घ्यायचीच नसते, मग चुकेल कशी? हे बोलताना मला माझ्या वर्गातली पोरं आठवली. उत्तर चुकलेलं असतं आणि तोंडावर असा आत्मविश्वास असतो. ती म्हणाली, अख्ख्या श्रावणातले उपासाचे दिवस मोजून सांगा बरं. मी बोटांवर मोजलं. चार सोमवार, चार गुरुवार, चार शनिवार, दोन एकादश्या, चतुर्थी. एक दिवस दोनदा आला तो वजा केला. चौदा. महिन्यातले चौदा दिवस माझ्या लेखी गोळीचे नव्हतेच, आणि रोज घेते असं देवाशपथ सांगत होते.

मग तिने उलगडून सांगितलं. हे औषध शरीरात रोज थोडं थोडं साठावं लागतं. एक दिवस घेतलं, एक दिवस नाही, असं केलं की ते टिकत नाही. गरगरणं, झिणझिणी, भडका उडणं, हे गोळी सुटल्यामुळे होतं, आणि डोस वाढवल्यावर ते जास्तच जाणवलं. ती म्हणाली, उपासाचं मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, ती माझी चूक. रात्री उपास सोडल्यावर घेऊ का, मी विचारलं. त्याने झोप उडेल, आणि झोपेसाठीच तर आपण झगडतोय, म्हणाली. शिवाय दिवसभर पाण्याविना राहणं तुम्हाला आत्ता झेपत नाही. सकाळी थोडं खायचं, गोळी घ्यायची, मग हवा तर उपास धरा. मी म्हटलं, खाल्ल्यावर उपास कसला राहिला.

सोमवार सुटले. शनिवार सुटले. महादेव भोळा आहे, मारुतीशी माझं फारसं देणंघेणं नव्हतं. एकादशीला पांडुरंगाची क्षमा मागून मी दूध-पोळी खाल्ली. पण गुरुवार माझ्याने सुटेना. गुरुवार माझा नव्हताच, तो रुचाचा होता. सत्तावीस वर्षं त्या उपासाने तिला धरून ठेवलंय, असं माझ्या मनात घट्ट बसलं होतं. तिचा नववा लागत होता. अशा वेळी मी तो मोडला आणि तिचं काही बरंवाईट झालं तर? शिकलेली बाई असलं काय बोलते, असं कुणीही म्हणेल. मीही दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं.

बुधवारी संध्याकाळी ह्यांना हे सांगितलं. हे देवघरातली समई पुसत होते.

"शास्त्रात गर्भवतीला, म्हाताऱ्याला आणि आजाऱ्याला उपास माफ आहे," हे म्हणाले. "त्यांनी खाल्लं तर व्रत मोडत नाही. मी लोकांना सांगतो हे, पूजेच्या वेळी."

"मी आजारी नाही," मी म्हटलं.

ह्यांनी समई खाली ठेवली. "मग मी राहात्याहून गोळ्या कुणासाठी आणतो, नीला?"

लग्नाला तीस वर्षं झाली, ह्यांनी मला असं कधी अडवलं नव्हतं. मी उठून अंगणात गेले. राग आला नव्हता, हे मला बऱ्याच वेळाने कळलं. रुचाने दारापलीकडून जे म्हटलं होतं तेच हे म्हणत होते. मनकर्णाने म्हटलं होतं. पुण्याची ती पोरगी सांगत होती. मीच एकटी फळ्यासमोर उभी राहून उत्तर वेगळं आहे म्हणून अडून बसले होते.

गुरुवारी सकाळी मी अंघोळ केली, देवघरातल्या साईबाबांच्या तसबिरीला फूल वाहिलं आणि सांगितलं, बाबा, मी आजारी आहे. मग अर्धं केळं खाल्लं. घास तोंडात फिरत राहिला. गोळी घेतली. ताबडतोब रुचाला फोन करून बाळ हलतंय ना विचारावं असं वाटलं, पण तिने विचारू नकोस म्हटलं होतं, म्हणून समर्थला लावला. तो म्हणाला, सगळं ठीक आहे आई, ती झोपलीय. मी शाळेत गेले. संध्याकाळी कॅलेंडरवर पाच लिहिले. पुढच्या गुरुवारी अख्खं केळं आणि दूध. त्याच्या पुढच्या गुरुवारी मला खरंच भूक लागली आणि मी पोहे केले. रुचाला मी यातलं काही कळवलं नाही. माझ्या तोंडच्या शब्दावर तिने आता का विश्वास ठेवावा?

गणपती बोळवून चार दिवस झाले होते. गुरुवार होता, सकाळचे साडेआठ. शाळेला जायच्या आधी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पोहे खात बसले होते. शेजारी गोळी आणि पाण्याचा पेला. फाटक वाजलं. हे दार उघडायला गेले आणि मला रुचाचा आवाज ऐकू आला. ती बाहेरूनच सांगत येत होती, बाबा, मी अर्धाच तास आहे, एकदा भेटून जाऊ म्हटलं, आज गुरुवार आहे, आईला काही करायला लावू नका. गुरुवार तिने मुद्दाम निवडला होता. गुरुवारी या घरात चूल संध्याकाळी पेटते. जेवायचा आग्रह होणार नाही, सकाळी आई शांत असते, तोवर निघता येईल. लहानपणापासून तिला माझं वेळापत्रक पाठ आहे.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. पोट फार पुढे आलं होतं, एक हात कमरेवर होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग बशीकडे.

"आई, आज गुरुवार आहे."

"माहीत आहे."

ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळली. आधी वार बघितला असावा, मग लाल आकडे. पाच, पाच, सहा, चार, सहा, सात. तिला त्यांचा अर्थ कुणी सांगितला नव्हता, पण माझ्या हातचे गुण ती ओळखते. दहावीला मीच तिला शिकवलंय.

"तू पोहे खातेयस," ती म्हणाली.

मी तोंडातला घास गिळला. "मी आजारी आहे, रुचा. आजाऱ्याला उपास माफ असतो."

दारातले हे चष्मा काढून पुसायला लागले. रुचा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि तिने माझ्या हातातला चमचा काढून घेतला. पोह्यांचे दोन घास खाल्ले. तिसऱ्याला म्हणाली, मीठ कमी पडलंय.

मला राग आला. साधा, रोजचा, हातातला राग. मी म्हटलं, मग घालून घे की, बरणी तुझ्या मागेच आहे. तिने मागे हात करून बरणी घेतली. मी तिच्यासमोर गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायले. ती घोट न् घोट बघत होती. पेला रिकामा झाल्यावर तिने डोळे पुसले आणि अंगणाकडे तोंड करून, गाडीपाशी थांबलेल्या समर्थला हाक मारली, बॅग काढ म्हणून.

समर्थने डिकी उघडली. निळी बॅग आतच होती. जूनमध्ये ठेवली तेव्हापासून तिने ती उतरवलीच नव्हती.